पॅकेज मॅनेजर आणि प्रयोगवहीतली एक ओळ: संगणक अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांची संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान आणि संगणक अभियांत्रिकी अभ्यास मंडळे

विषय: पॅकेज व्यवस्थापनाला अभ्यासक्रमात स्वतंत्र स्थान देण्याबाबत

पॅकेज मॅनेजर हा इतरांनी लिहिलेले सॉफ्टवेअर शोधून आणणारा प्रोग्राम आहे. आणलेले सॉफ्टवेअर चालायला आणखी काय काय लागते ते तो पाहतो, तेही आणतो, सगळे जागच्या जागी बसवतो आणि कुठे काय बसवले याची नोंद ठेवतो. लिनक्सवरचे अप्ट आणि डीएनएफ, पायथनचा पिप, जावास्क्रिप्टचा एनपीएम, जावाचा मेव्हन, रस्टचा कार्गो ही त्यांतली रोजच्या वापरातली नावे. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क या विषयांना अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे स्वतंत्र पेपर आहेत. पॅकेज मॅनेजर मात्र सहसा प्रयोगवहीत ‘अमुक लायब्ररी इन्स्टॉल करा’ एवढ्या एका ओळीत उरकला जातो. आज लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमधला मोठा भाग याच ओळीतून आलेला असतो, लिहिणाऱ्याच्या हातून नव्हे. म्हणून ती ओळ उलगडून पाहणे आवश्यक आहे.

१९९०च्या आसपास युनिक्सवर सॉफ्टवेअर बसवायचे तर एफटीपीवरून सोर्सची फाइल आणावी लागे. ती उलगडायची, ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ या आज्ञा द्यायच्या, आणि अमुक लायब्ररी सापडत नाही म्हणून मध्येच थांबायचे. ती लायब्ररी आणावी, तर तिला तिसरीच हवी असे. शेवटी सगळे बसलेच, तरी फाइली चार-पाच डिरेक्टऱ्यांत विखुरलेल्या असत आणि त्यांची यादी कुणाकडेच नसे. सॉफ्टवेअर बसवता तरी येई; काढून टाकणे हा निव्वळ अंदाजाचा मामला होता.

ऑगस्ट १९९३मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन हा लिनक्स वितरणाचा प्रकल्प जाहीर केला. डेबियनच्या डीपीकेजी या साधनाने पहिली गोष्ट केली ती ही यादी ठेवण्याची: कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, कोणते पॅकेज कशावर अवलंबून. १९९५मध्ये रेड हॅटने आरपीएम आणले, त्याचेही काम असेच होते. पण ही दोन्ही साधने हातातल्या फाइलीपुरतीच शहाणी होती. एखादी डिपेंडन्सी नसेल, तर ती नाही एवढे सांगून गप्प बसत. मग वापरणाऱ्याने ती शोधायला निघावे आणि वाटेत आणखी चार गोष्टी नाहीत हे कळावे, असा प्रकार त्या काळी लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने भोगलेला आहे. मार्च १९९९मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर अप्ट आले आणि साखळीतला प्रत्येक दुवा शोधून आणण्याचे काम यंत्राकडे गेले. पर्ल भाषेचे सीपॅन हे भांडार १९९५पासूनच चालू होते. पुढे पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट अशी प्रत्येक भाषा आपापले भांडार घेऊन आली, ती सीपॅनचा कित्ता गिरवतच.

यातून मिळालेले फायदे इतके अंगवळणी पडले आहेत की ते फायदे आहेत हेही आता लक्षात येत नाही. डेबियनच्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, आणि त्यांतले कोणतेही एका आज्ञेत येते, एका आज्ञेत जाते. देवनागरीसाठीचे लोहित टंक, ॲस्पेलचा मराठी शब्दकोश यांसाठीही वेगळी शोधाशोध करावी लागत नाही. तीही त्याच भांडारात आहेत. डाउनलोड केलेली पॅकेजांची यादी क्रिप्टोग्राफिक स्वाक्षरीने तपासली जाते, त्यामुळे मधल्या एखाद्या मिरर सर्व्हरने फाइल बदलली तरी ती बदलल्याचे लगेच कळते.

सर्वांत मोठा फायदा सुरक्षेचा आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, प्रसंगी खासगी किल्ल्यासुद्धा, बाहेरच्या कुणालाही वाचता येतील असा तो दोष होता. लिनक्स वितरणांत ही लायब्ररी एकाच जागी असते आणि वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, डेटाबेस असे सगळे तिचा सामायिक वापर करतात. त्यामुळे एक पॅकेज अपडेट करून सेवा पुन्हा सुरू केल्या की सगळ्यांतला दोष एकदम गेला (किल्ल्या बदलण्याचे काम वेगळे उरले, ते पॅकेज मॅनेजर करू शकत नाही). ज्यांनी या लायब्ररीची प्रत आपापल्या प्रोग्रामच्या पोटात घालून ठेवली होती, त्यांना ती प्रत कुठे कुठे आहे हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली.

आता त्रासांकडे. पहिला त्रास गणिती आहे, आणि अभ्यास मंडळांना तो विशेष रुचावा.

समजा एका प्रकल्पाला क आणि ख अशा दोन लायब्ऱ्या हव्या आहेत. क म्हणते नमपाय २च्या आधीचे हवे, ख म्हणते २ किंवा नंतरचे. हे उदाहरण रचलेले नाही. जून २०२४मध्ये नमपायची २.० ही आवृत्ती आली, तेव्हा जुन्या आवृत्तीवर कंपाइल केलेली अनेक मॉड्यूल्स नव्या आवृत्तीबरोबर चालेनात, आणि असे पेच ठिकठिकाणी पडले. पायथनच्या एका परिसरात एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते. म्हणून पॅकेज मॅनेजरला क आणि ख यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या चाळून एकमेकांशी जमणारी जोडी शोधावी लागते. लायब्ऱ्या दोन असतील तर हे सोपे आहे. त्या दोनशे असतील आणि प्रत्येकीच्या वीस-पंचवीस आवृत्त्या असतील, तर पर्यायांची संख्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. युरोपातल्या ईडॉस प्रकल्पातील संशोधकांनी २००६च्या सुमारास सिद्ध केले की दिलेले पॅकेज बसवता येईल की नाही, हा प्रश्नच एनपी-कम्प्लीट आहे. अल्गोरिदमच्या तासाला ३-सॅट शिकलेला विद्यार्थी तेच कोडे रोज पिपकडून सोडवून घेत असतो, पण त्याला ते कुणी सांगितलेले नसते.

पिपने बराच काळ हे कोडे सोडवायचा प्रयत्नच केला नाही. जी अट आधी समोर आली ती पाळायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या, अशी त्याची रीत होती. नोव्हेंबर २०२०मध्ये २०.३ या आवृत्तीत त्याने खरा शोध घ्यायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी तक्रार केली की पिप फार वेळ लावतो आणि एकाच लायब्ररीच्या डझनभर आवृत्त्या उतरवत बसतो. तक्रार खोटी नव्हती, पण आधीचा वेग चुकीच्या उत्तराचा होता. गो भाषेने २०१८मध्ये वेगळाच मार्ग घेतला. रस कॉक्स यांच्या आराखड्यात ‘इतकी आवृत्ती किंवा तिच्यापुढची’ एवढीच अट घालता येते, आणि सगळ्या अटी पुऱ्या करणारी सर्वांत जुनी आवृत्ती निवडली जाते. वरची मर्यादा घालायची मुभाच नाही, त्यामुळे कोडे कोडेच उरत नाही. किंमत इतकीच, की नवी आवृत्ती जुन्याशी सुसंगत राहील हा भार सर्वस्वी लायब्ररी लिहिणाऱ्यावर पडतो.

आवृत्तीच्या तीन आकड्यांची पद्धत याच सुसंगततेसाठी आहे. पहिला आकडा बदलला तर जुने काही मोडले, दुसरा बदलला तर नवे आले पण जुने शाबूत आहे, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती आहे, असा तिचा संकेत. तो पाळला गेला आहे की नाही, हे तपासणारे कुणी नसते. आपल्या किरकोळ दुरुस्तीने कुणाचा प्रोग्राम मोडेल हे लेखकाला ठाऊक नसते, आणि दोषावरच विसंबून राहिलेले वापरकर्तेही असतात. म्हणून लॉकफाइल आली. तीत प्रत्येक डिपेंडन्सीची नेमकी आवृत्ती आणि सहसा तिचा हॅशही लिहून ठेवलेला असतो. रुबीच्या बंडलरने २०१०च्या सुमारास ही पद्धत रुळवली, यार्नने २०१६मध्ये ती जावास्क्रिप्टकडे आणली, आणि पुढच्याच वर्षी एनपीएमनेही स्वीकारली. ‘माझ्या मशीनवर चालते’ या वाक्यावरचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत लॉकफाइल जोडली जाणे दुर्मीळच, आणि परीक्षकानेही ती मागितल्याचे क्वचितच ऐकू येते.

दुसरा त्रास घराण्यांचा आहे. लिनक्स वितरणाचा पॅकेज मॅनेजर आणि भाषेचा पॅकेज मॅनेजर हे दोघे एकाच संगणकावर नांदतात, पण त्यांचे स्वभाव जुळत नाहीत. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात तिच्यात मुख्यतः सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच होतात. पिप आणि एनपीएम यांच्या भांडारांत कालचे आज जुने असते. पिपने सिस्टीमच्या पायथनमध्ये एखादी लायब्ररी बदलली की त्या लायब्ररीवर चालणारे वितरणाचे स्वतःचे प्रोग्राम मोडू शकतात. २०२३च्या डेबियन १२पासून हे दार बंद झाले: सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप चालवायला गेले की नकार येतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा असे सुचवले जाते. जुन्या प्रयोगवहीतली आज्ञा जशीच्या तशी दिली की विद्यार्थ्याला आता हाच नकार दिसतो. इंटरनेटवर त्यावरचा ‘उपाय’ म्हणून एक सक्तीचा पर्याय सर्रास सांगितला जातो. त्याच्या नावातच ‘सिस्टीम मोडा’ असे लिहिलेले आहे, तरी तो देणारे देतात आणि घेणारे घेतात.

तिसरा त्रास संख्येचा. एनपीएमच्या भांडारात वीस लाखांहून अधिक पॅकेजे आहेत, आणि त्यांतली कित्येक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळींची आहेत. कार्याला एकाला आवतण द्यावे आणि त्याने आपला सगळा गोतावळा घेऊन यावे, तसे येथे होते: मागितलेली पॅकेजे पाच, उतरलेली शेकडो. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रामरने, पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर, आपली सगळी पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड होते. अक्षरमालिकेच्या डाव्या बाजूला जागा भरणारा हा अकरा ओळींचा कोड. तो गेल्याबरोबर बेबेलसारखी मोठी साधने आणि त्यांवर चालणारे असंख्य प्रकल्प बांधले जाईनात. काही तासांत पॅकेज परत आणले गेले, आणि नंतर एनपीएमने प्रकाशित झालेले पॅकेज मागे घेण्यावर मर्यादा घातल्या. अकरा ओळी स्वतः का लिहू नयेत, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. तो रास्त होता. मात्र त्यांतल्या कित्येकांना लेफ्ट-पॅड आपल्या प्रकल्पात आहे हेच ठाऊक नव्हते. ते कुणाच्या तरी मागून आले होते.

आणि चौथा, या सगळ्यांहून गंभीर त्रास विश्वासाचा. ‘इन्स्टॉल’ म्हटल्यावर अनोळखी व्यक्तीने लिहिलेला कोड आपल्या संगणकावर आपल्याच अधिकारांनिशी चालतो. एनपीएमच्या पॅकेजात इन्स्टॉल होताना चालणारी स्क्रिप्ट असू शकते. पायथनची सोर्स स्वरूपातली पॅकेजेही बसताना कोड चालवतात. म्हणजे लायब्ररी प्रत्यक्ष वापरण्याआधीच नुकसान होऊन गेलेले असू शकते.

हल्ल्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. लोकप्रिय नावाशी मिळतेजुळते नाव नोंदवून टायपिंगच्या चुकीची वाट पाहणे हा सर्वांत जुना. फेब्रुवारी २०२१मध्ये ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने दाखवले की कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांच्या नावाचेच पॅकेज सार्वजनिक भांडारात मोठा आवृत्ती क्रमांक देऊन टाकले, तर कंपनीचा पॅकेज मॅनेजर आनंदाने बाहेरचेच उचलतो. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासह तीसहून अधिक कंपन्यांत त्याला असा शिरकाव करता आला. २०१८मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे सूत्रे दिली, आणि त्या माणसाने बिटकॉइनचे पाकीट लुटणारा कोड एका नव्या डिपेंडन्सीतून आत आणला. सप्टेंबर २०२५मध्ये चॉक आणि डीबग यांसारख्या, जवळजवळ प्रत्येक जावास्क्रिप्ट प्रकल्पात असलेल्या पॅकेजांच्या देखभालकर्त्याला एनपीएमच्या नावाने बनावट मेल गेला. त्याचे खाते ताब्यात गेले आणि दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. त्याच महिन्यात चोरलेल्या किल्ल्या वापरून स्वतःच पुढच्या पॅकेजांत शिरणारा एक वर्म शेकडो पॅकेजांत पसरला.

२०२४मधले एक्सझेडचे प्रकरण मात्र अभ्यासक्रमात अख्खे शिकवण्याजोगे आहे. एक्सझेड हे फाइली आकसण्याचे साधन, आणि लासे कोलिन हे त्याचे बहुतांशी एकटे देखभालकर्ते. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे उपयुक्त दुरुस्त्या पाठवून विश्वास कमावला. दुसऱ्या काही नावांनी कोलिन यांच्यावर ‘काम फार सावकाश चालले आहे’ असा दबावही येत राहिला. शेवटी टॅनला नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. त्यातला घातक कोड चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. तो बाहेर काढणारी स्क्रिप्ट प्रकाशित तारबॉलमध्ये होती, गिटमधल्या सोर्समध्ये नव्हती. गिट वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती.

लक्ष्य होते एसएसएच, म्हणजे जगभरच्या सर्व्हरचे मुख्य दार. गंमत अशी की ओपनएसएसएच मुळात एक्सझेड वापरतच नाही. डेबियन आणि फेडोरा यांनी सिस्टीमडीशी जुळवून घेण्यासाठी त्याला एक ठिगळ लावले होते. त्या ठिगळाने सिस्टीमडीची लायब्ररी आणली आणि तिने एक्सझेडची. दोन पायऱ्या पलीकडची, कुणी न मागितलेली डिपेंडन्सी. हा चोरदरवाजा उघडकीस आला तो अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरमुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कामगिरीची मोजमापे घेताना एसएसएचचे लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेत आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते सोडून दिले नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व जाहीर केले. तोवर दूषित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत आणि फेडोराच्या विकासाधीन आवृत्तीपर्यंत पोहोचल्या होत्या. स्थिर डेबियन त्यापासून दूर राहिले. ज्या संथपणाबद्दल डेबियनला एरवी नावे ठेवली जातात, त्यानेच या वेळी वेळ मिळवून दिला.

येथे दोन प्रकारच्या भांडारांतला फरक स्पष्ट होतो. डेबियनमध्ये पॅकेज टाकणारा आणि लायब्ररी लिहिणारा हे सहसा वेगळे असतात. पॅकेज टाकणाऱ्याची ओळख आधीच्या सदस्यांनी पटवलेली असते, पुष्कळदा समोरासमोर, ओळखपत्र पाहून, एकमेकांच्या किल्लीवर स्वाक्षरी करून. एनपीएम किंवा पिपच्या भांडारात मात्र ईमेल पत्ता असलेला कुणीही क्षणात प्रकाशक होतो. या मोकळेपणामुळेच तिथे इतके सॉफ्टवेअर आहे, आणि कोल्हापूर वा नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही आपली लायब्ररी जगापुढे ठेवता येते. हा मोकळेपणा काढून टाकावा असे कुणी सुज्ञ म्हणणार नाही. पण त्याची जोखीम वापरणाऱ्याने उचललेली आहे, हे त्याला ठाऊक तरी असावे.

या अडचणींवर पर्यायही शोधले गेले. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्त्रा यांनी २००६च्या आपल्या पीएचडी प्रबंधात निक्स या पॅकेज मॅनेजरची मांडणी पूर्णपणे विशद केली. तीत प्रत्येक पॅकेज स्वतःच्या हॅशच्या नावाच्या डिरेक्टरीत राहते, एका लायब्ररीच्या दहा आवृत्त्या भांडणाविना नांदतात, आणि बिघडले तर मागच्या स्थितीला जाता येते. शिकायला ते अवघड आहे आणि डिस्कही बरीच खाते. कंटेनर, स्नॅप, फ्लॅटपॅक यांनी सगळे एकत्र बांधून पाठवण्याचा मार्ग धरला. त्याने आवृत्त्यांचे भांडण मिटते, पण हार्टब्लीडच्या वेळी ज्यांना पोटातल्या प्रती शोधत बसावे लागले, त्यांच्याच अवस्थेकडे तो परत नेतो.

डिसेंबर २०२१मध्ये जावाच्या लॉग४जे लायब्ररीतला गंभीर दोष जाहीर झाला, तेव्हा हीच अवस्था जगभर दिसली. दुरुस्ती लवकर आली, पण ‘आपल्याकडे ही लायब्ररी आहे का’ याचे उत्तर कित्येक संस्थांकडे नव्हते. सॉफ्टवेअरमधल्या सर्व घटकांची यादी, जिला उद्योगात एसबॉम म्हणतात, ती मागण्याची पद्धत त्यानंतर अधिक जोर धरू लागली. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४मध्ये तिच्याविषयी तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील संस्था, अत्यावश्यक सेवा आणि सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्या यांना धरले. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत नोकरीला लागणाऱ्या पदवीधराला ही यादी बनवावी लागेल.

अभ्यास मंडळांकडे मागणी माफक आहे: दोन श्रेयांकांचा प्रात्यक्षिकासहित विषय. आवृत्ती-निवडीचे कोडे अल्गोरिदमच्या पेपरात, स्वाक्षरी आणि एक्सझेड सुरक्षेच्या पेपरात, असे वाटून दिले तरी चालेल. मात्र प्रात्यक्षिक एकत्र हवे. तीन-चार वर्षांपूर्वीचा एखादा प्रकल्प लॉकफाइलसह आणि लॉकफाइलशिवाय बांधून पाहणे, त्याच्या डिपेंडन्सींचे झाड काढणे, त्यातले सर्वांत खोल पॅकेज कोण सांभाळतो याचा माग घेणे, आणि शेवटी एसबॉम तयार करणे, एवढे एका सत्रात सहज बसते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासोबत लॉकफाइल आणि ही यादी सक्तीची करायला तर नव्या पेपरचीही गरज नाही.

प्रयोगशाळेपुरती सोय आजच करता येण्यासारखी आहे. साठ संगणकांनी एकाच तासाला तीच पॅकेजे बाहेरून उतरवली की महाविद्यालयाचे इंटरनेट बसते, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ते मुद्दाम बंदच असते. अप्टसाठी एका जुन्या संगणकावर कॅशे सर्व्हर ठेवता येतो. पिपला आवश्यक पॅकेजे आधी एका फोल्डरमध्ये उतरवून, नंतर इंटरनेट न पाहता त्याच फोल्डरमधून बसवायला सांगता येते. कोणत्या विषयाच्या परीक्षेला कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती लागेल, ती यादी मंडळानेच सत्राच्या सुरुवातीला हॅशसह प्रसिद्ध करावी आणि तिच्यात बदल झाल्यास परीक्षेच्या किमान महिनाभर आधी संलग्न महाविद्यालयांना कळवावे.